बोक्यावर शिकलेली पोरं

मुलांना माशीने मासे धरायला शिकवायचं खूळ तुमच्या डोक्यात कुठून आलं, असं मला पुष्कळ जणांनी विचारलं. मी सांगते, ती नदी आमच्या घरामागून जाते, म्हणून. आमच्या जिन्याच्या खिडकीतून ती दिसते. मी लहान होते तेव्हा ती कोणाच्या मालकीची नव्हती, आणि माझ्या वडिलांनी मला गुडघाभर पाण्यात उभं करून दोरा फेकायला शिकवलं होतं. मग मधेच कधीतरी नगरपालिकेने ती नदी हौशी मासेमारांच्या मंडळाला देऊन टाकली आणि मंडळाने काठावर 'फक्त सभासदांसाठी' अशा हिरव्या पाट्या ठोकल्या. त्या पाट्या मी रोज बघते आणि रोज माझं डोकं फिरतं.

माशी म्हणजे खरी माशी नव्हे. इवल्याशा गळावर दोरा आणि पिसं गुंडाळून केलेला खोटा किडा. त्याला वजन नसतं, त्यामुळे तो भिरकावून चालत नाही. जाड दोरा काठीने डोक्यावरून मागे-पुढे खेळवायचा आणि त्याच्या टोकाची माशी पाण्यावर अलगद ठेवायची. मासा तिला खरी समजून वर येतो, आणि त्या क्षणी काठी उचलून दोरा ताठ करायचा. एवढंच. एवढंच म्हणायला सोपं आहे.

नदी देताना नगरपालिकेने मंडळाला एक अट घातली होती. बारा वर्षांखालच्या मुलांची वर्षातून एकदा परीक्षा घ्यायची आणि पास होईल त्याला तिथे मासे धरायचं जन्मभराचं कार्ड द्यायचं. बारा पूर्ण झाली की मात्र मंडळाचं सभासद व्हावं लागतं, त्याला दोन जुन्या सभासदांची शिफारस लागते, आणि जुने सभासद एकमेकांच्याच पोरांची शिफारस करतात. आमच्या गल्लीतलं एकही मूल आजवर पास झालं नव्हतं. पास कसलं, बसलंच नव्हतं, कारण फॉर्मवर शिकवणाऱ्याचं नाव लिहावं लागतं. गेल्या वर्षी मी तिथे माझं नाव लिहिलं.

लिहिलं ते टाचणीसाठी. टाचणी माझी भाची, धाकट्या बहिणीची मुलगी. अंगाने बारीक आणि तोंडाने टोकदार, म्हणून टाचणी. फॉर्म भरला तेव्हा तिला अकरा वर्षं पूर्ण झाली होती, आणि परीक्षेच्या दिवशी बारा व्हायला दोन महिने उरणार होते. म्हणजे तिला ही एकच संधी होती. तिला नदीचं वेड मी लावलं नाही. ती शाळेत जाताना पुलावर थांबून मासे मोजायची आणि रोज उशिरा पोचायची. तिच्या बाईंनी माझ्या बहिणीला बोलावून घेतलं, बहिणीने येऊन माझ्यावर राग काढला, आणि मी म्हटलं, बरं झालं, निदान आकडे तरी मोजतेय.

एकटीला शिकवलं तर भाचीचे लाड म्हणतील, म्हणून आणखी तिघं घेतली. बस ड्रायव्हरची जुळी पोरं, एक मुलगा एक मुलगी, दोघांचं दिवसभर भांडण. आणि बेकरीवाल्याचा मुलगा, ज्याला आम्ही खारी म्हणतो, कारण जरा बोललं की त्याचे पापुद्रे सुटतात. हा पोरगा कामचुकार. कुठेही टेकायला जागा मिळाली की टेकणार.

माझं दुकान खुर्च्या-सोफ्यांना कापड चढवायचं. तिथे जाड दोरा, मेण, कात्र्या, सगळं हाताशी. मंडळाच्या सभासदांनी मोडक्या म्हणून टाकून दिलेल्या तीन काठ्या मी भंगारवाल्याकडून मिळवल्या, सांध्यांवर दोरा घट्ट गुंडाळून त्यावर मेण चढवलं, आणि वडिलांची एक धरून चार झाल्या. शिकवायची जागा म्हणजे इमारतीमागचं अंगण. एका बाजूला सायकली, दुसऱ्या बाजूला वाळत घातलेले कपडे. गळ लावला असता तर पहिल्याच दिवशी कोणाच्या तरी चादरीला भोक पडलं असतं, म्हणून गळाच्या जागी लाल लोकरीचा तुकडा बांधला.

दोरा मागे फेकला की तो मागे सरळ होईपर्यंत थांबावं लागतं, आणि थांबणं हेच मुलांना जमत नाही. मी त्यांना सांगितलं, आई हाक मारते तेव्हा तुम्ही घरी काय करता? 'आलो' म्हणता आणि जागचे हलत नाही. तेच करायचं. दोरा मागे गेला की मनात 'आलो' म्हणायचं आणि हलायचं नाही. हे त्यांना एका दुपारात जमलं, इतका त्यांचा घरचा सराव होता. दंड अंगाला चिकटून राहावा म्हणून काखेत एकेक पुस्तक दिलं. जुळ्यांची आई खिडकीतून म्हणाली, निदान काखेत तरी पुस्तक धरलं बाई माझ्या पोरांनी.

पण अंगणात मासा कुठून आणणार? माशी अलगद पडली की धपकन पडली, हे मुलांना कळणार कसं? ते काम बोक्याने केलं. पोस्टात नोकरी करणाऱ्या बाईंचा करडा बोका सायकलींखाली पडून असायचा. लोकर त्याच्यापुढे जोरात आपटली की तो शेपटी फुगवून पळायचा. अलगद उतरली की दबा धरून झडप घालायचा. याहून चांगला मास्तर मला सापडला नसता. पोरं त्याच्यासाठी भांडू लागली, त्याच्यावर नेम धरायला रांग लावू लागली, आणि बोकाही लठ्ठ होता तो सडपातळ झाला.

एकदा त्याने लोकर दातांत धरली असताना खारीने काठी खेचली. बोका असा ओरडला की पोस्टातल्या बाई चपला न घालता खाली आल्या आणि माझी सगळ्यांदेखत खरडपट्टी काढली. चूक माझी होती, मी ऐकून घेतलं. त्या दिवसापासून नियम केला, बोक्याने पकडलं की लगेच हात खाली, दोरा सैल. टाचणीने तो नियम सगळ्यांत मनावर घेतला, कारण बोक्यावर तिचा जीव होता. आठ महिने, रोज शाळा सुटल्यावर, अंधार पडेपर्यंत. बोक्याने किती वेळा झडप घातली आणि पोरांनी किती वेळा हात खाली सोडला, याचा हिशोब मी तेव्हा मनात केला असता तर पुढची फजिती टळली असती.

परीक्षेच्या दिवशी आम्ही आठ वाजता मंडळाच्या हिरवळीवर हजर झालो. परीक्षक म्हणजे मंडळाचा सेक्रेटरी, निवृत्त दंतवैद्य. समोरच्याशी बोलताना तो डोळ्यांकडे बघत नाही, दातांकडे बघतो. त्याने आमच्या मेण लावलेल्या काठ्यांकडे बघून विचारलं, या फर्निचरमधून काढल्यात का. मी म्हटलं, तुमच्याच सभासदांनी फेकलेल्या आहेत, ओळखीच्या वाटत असतील.

परीक्षा तीन भागांची. हिरवळीवर ठेवलेल्या रिंगणात दहा वेळा दोरा टाकायचा, मग न बघता गळाची गाठ बांधायची, आणि शेवटी नदीतला एक मासा धरून त्याला इजा न करता परत सोडायचा. पहिले दोन भाग आमच्या चौघांनी सहज उरकले. टाचणीचे दहाच्या दहा रिंगणात पडले. सेक्रेटरीने दोनदा रिंगणाचं अंतर मोजून बघितलं. माझी छाती एवढी फुगली की ब्लाउजची शिवण उसवेल असं वाटलं, आणि शिवण माझीच होती.

मग मुलं पाण्यात उतरली. टाचणीने पहिलाच दोरा एका दगडामागच्या शांत पाण्यात टाकला, माशी उतरली, आणि लगेच तिथे पाणी फुटलं. मोठा मासा होता, त्याची पाठ मी बघितली. टाचणीचा हात खाली गेला. दोरा सैल पडला. माशाने माशी तोंडात घेतली, खोटी आहे हे कळल्यावर थुंकली आणि तो निघून गेला. मला वाटलं, बावरली असेल. मग जुळ्यांमधल्या मुलीकडे मासा आला, तिचाही हात खाली. खारीकडे आला, त्याचाही खाली. तोंडाने मी त्यांना शंभरदा सांगितलं होतं की मासा आला की काठी वर. पण हात तोंडाचं ऐकत नाहीत. हात बोक्याकडून शिकले होते.

अकरा वाजेपर्यंत नऊ मासे वर आले. मंडळाच्या सभासदांना आठवड्यात इतके दिसत नाहीत. नऊच्या नऊ आमच्या पोरांनी मान देऊन परत पाठवले. सेक्रेटरी हसून हसून खोकला.

"बाई," तो म्हणाला, "तुमची मुलं माशांना जेवायला वाढतात."

मी म्हटलं, मासा सोडायचा असं तुमच्याच कागदावर लिहिलंय, आमची मुलं जरा लवकर सोडतात. पण माझी जीभ चालली तरी मला आतून रडू येत होतं, हे कबूल करते. त्याने चौघांच्या नावापुढे 'नापास' लिहिलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला, सहीसाठी.

कापडाच्या गठ्ठ्यावरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय मी कापड घेत नाही. तीच सवय इथे कामाला आली. सहीच्या जागेवर लिहिलं होतं की परीक्षक आणि शिक्षक दोघांच्या सह्या झाल्या की परीक्षा संपली असं समजावं. त्याखाली आणखी बारीक अक्षरात, पाच वाजेपर्यंत दोन्ही सह्या झाल्या नाहीत तर त्या दिवशीचे सर्व निकाल रद्द. मी पेन टोपण लावून त्याच्या हातात दिलं आणि सांगितलं, मी अजून सही केलेली नाही, म्हणजे परीक्षा चालू आहे, आणि परीक्षा चालू असेपर्यंत परीक्षकाने जागा सोडायची नाही, हेही वर लिहिलंय. त्याने कागद उलटसुलट करून पाहिला. कागद त्यानेच छापून घेतला होता. मग शिपायाला खुर्ची आणायला सांगितलं.

मी चौघांना काठावर घेतलं. रागावले नाही, कारण रागवायचं तर मला स्वतःवर रागवावं लागलं असतं, आणि ते मी घरी जाऊन करणार होते. मी म्हटलं, बोक्याला विसरा, आता मी मासा. चपला काढून मी पाण्यात बसले, दोऱ्याचं टोक बोटांत धरलं आणि एकेकाला बोलावलं. मी टोक ओढलं की त्यांनी काठी उचलायची. हात खाली गेला की मी त्यांच्या अंगावर पाणी उडवायची. तासभर हेच. सेक्रेटरी खुर्चीत बसून घड्याळ बघत होता, आणि साठी उलटलेली मी नदीत बसून मासा झाले होते. लाज वाटली का? अजिबात नाही. मला फार बरं वाटत होतं.

दीड वाजता जुळ्यांमधल्या मुलीने पहिला मासा धरला. तळहाताएवढा, अंगावर लाल ठिपके. हात ओले करून तिने तो धरला, गळ सोडवला, पाण्यात ठेवला. भाऊ जळफळला आणि त्या जळफळाटातच वीस मिनिटांत त्यानेही धरला. खारीचा नंबर तीनच्या सुमारास लागला. एका खडकाला टेकून उभा होता, दोराही आळसाने टाकला होता, पण मासा आला तेव्हा हात बरोबर वर गेला. सेक्रेटरीने तिन्ही वेळा चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून 'नापास' खोडलं.

राहिली टाचणी. सगळ्यांत चांगला दोरा तिचा, सगळ्यांत जास्त मासे तिच्याकडे आले, आणि दर वेळी तिचा हात खाली गेला. जो जितकं मन लावून शिकतो तितकं त्याच्या हातात मुरतं, आणि चुकीचं मीच शिकवलं होतं. एकदा तिने इतक्या जोरात झटका दिला की दोराच तुटला. मी नवीन माशी बांधून दिली. ती घेऊन टाचणी माझ्याकडे न बघता पुन्हा पाण्यात गेली.

पावणेपाच वाजले. सेक्रेटरी पेन घेऊन माझ्याजवळ आला. आता त्याचा आवाज मऊ झाला होता. तिघं पास म्हणजे थोडं नाही, सही करून टाका, पाच वाजले तर ही तिघंही जातील, एका मुलीच्या हट्टापायी तिघांचं नुकसान नको. तो खरं बोलत होता, म्हणून मला त्याचा जास्तच राग आला. तिघांची तोंडं माझ्याकडे लागली होती. मी घड्याळाकडे बघत पाच मिनिटं काढली, मग आणखी पाच. टाचणीने दोरा टाकला, मासा आला, हात खाली गेला. तिने मान वळवली.

"सही कर, मावशी," ती म्हणाली. "खरंच कर."

पाचला दोन मिनिटं कमी असताना मी सही केली. इतकी वाईट सही मी जन्मात केली नव्हती. सेक्रेटरीने तिथेच तिघांच्या कार्डांवर शिक्के मारले आणि वाटले. मग नदीकडे बोट करून म्हणाला, परीक्षा संपली, त्या मुलीला बाहेर काढा, तिच्याकडे कार्ड नाही.

टाचणी हलली नाही. तिने दोरा पुन्हा डोक्यावरून मागे नेला. सेक्रेटरीने आवाज चढवला. टाचणी पाण्यातूनच म्हणाली, "मी नाही येणार. तुम्ही या." तो काठापर्यंत गेला, पॉलिश केलेल्या बुटांकडे बघितलं आणि थांबला. मग माझ्याकडे वळून त्याने नियम सांगितला. विनाकार्ड मासे धरणाऱ्याला जो शिकवतो त्याच्या सगळ्या मुलांची कार्डं रद्द होतात. शिकवणारी मी. ती आत्ताच्या आत्ता बाहेर आली नाही, तर ही तिघं घरी रिकाम्या हाताने जातील.

हे टाचणीने ऐकलं. तिने दोरा गुंडाळायला सुरुवात केली. तिचा चेहरा मी बघितला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तोवर खारी उठला. दिवसभरात पहिल्यांदा तो कोणी न सांगता उठला होता. टेबलापाशी गेला, खिशातून कार्ड काढलं, ते एकदा उलटं करून स्वतःचं नाव वाचलं आणि सेक्रेटरीच्या वहीवर ठेवलं.

"मग हे घ्या," तो म्हणाला.

जुळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. भावाने कार्ड आधी ठेवायचं की बहिणीने, यावर त्यांचं थोडं भांडण झालं, आणि मग दोन्ही कार्डं एकदमच टेबलावर पडली. माझ्या अगदी जिवावर आलं. त्या तीन कार्डांसाठी मी आठ महिने शिकवलं होतं, पाण्यात बसून मासा झाले होते. एक क्षण वाटलं, उचलावीत आणि त्यांच्या खिशात कोंबावीत. पण ती कार्डं माझी नव्हती, आणि पोरांनी ती कशासाठी दिली हे मला चांगलं कळत होतं. मी हात पाठीमागे बांधले.

तिघं पाण्यात उतरली आणि टाचणीच्या दोन्ही बाजूंना जाऊन उभी राहिली. सेक्रेटरी काठावरून बोलत राहिला, पोलीस, नगरपालिका, आईवडील, एकामागून एक. टाचणीने दोरा सोडवला, मागे नेला, थांबली, पुढे टाकला. माशी पलीकडच्या वाकलेल्या फांदीखाली उतरली. परीक्षा संपली होती म्हणून, की बाजूला तिघं उभी होती म्हणून, मला सांगता येणार नाही. पाणी फुटलं आणि तिचा हात वर गेला.

काठी वाकली. मासा दोनदा खाली गेला, एकदा हवेत उडाला, आणि शेवटी तिच्या ओल्या हातांत आला. दिवसभरातला सगळ्यांत मोठा. सेक्रेटरीने सवयीने वही उघडली, पण लिहायला जागा नव्हती, खाली माझी सही होती. टाचणीने गळ काढला, माशाला प्रवाहाकडे तोंड करून धरलं, तो दम घेईपर्यंत धरून ठेवलं आणि मग सोडलं.

मग तिने रिकामे हात फ्रॉकला पुसले आणि मला विचारलं, पुढच्या रविवारी किती वाजता यायचं. मी म्हटलं, सात. सेक्रेटरीला नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं.